तिसऱ्या तकबिरीनंतर

शवगाडी कुणी द्यायला तयार झालं नाही, म्हणून याकूपने आपल्या मुलाला अंकाराहून भाजीच्या टेम्पोतून गावी आणलं. शवपेटीवर झेंडा नव्हता. तुनजाय लष्करात हवालदार होता. तीन दिवसांपूर्वी फौजेतल्या एका गटाने सरकार उलथवायचा प्रयत्न केला, रस्त्यांवर रणगाडे आणले आणि उजाडेपर्यंत तो सगळा डाव फसला. त्या गोंधळात कुठेतरी तुनजायला गोळी लागली होती.

गावच्या मशिदीचा इमाम हायरेत्तिन दारातच उभा होता. इमामाला सगळे होजा म्हणत. उठावाच्या त्या रात्री त्यानेच मिनारवरून लोकांना रस्त्यावर उतरायला सांगितलं होतं. त्याचा आवाज खाली समुद्रापर्यंत गेला, असं लोक अजून कौतुकाने सांगत होते. त्याच्यामागे सरपंच शाबान आणि चहाच्या दुकानातून उठून आलेली पंधरावीस माणसं होती. टेम्पोजवळ कुणी गेलं नाही.

याकूप चढ चढून वर आला. हायरेत्तिनपेक्षा तो वयाने मोठा, म्हणून होजा त्याला आबी, म्हणजे दादा म्हणे; डोंगरउतारावर त्याची हेझलनटची बाग. तुनजायला कुराणाची पहिली अक्षरं हायरेत्तिननेच शिकवली होती.

"होजा, अंघोळ मीच घातलीये. कफनही झालंय. तुम्ही फक्त नमाजाला उभे राहा."

"याकूप आबी, वरून आदेश आलाय. उठावात मेलेल्यांचा जनाजा पढवायचा नाही. माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

"त्याने काय केलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाही."

"मलाही नाही. साहेब म्हणाला, हल्ला होणारेय, गाडी काढ. याने काढली. एवढंच फोनवर बोलला आईशी."

शाबान पुढे झाला. "याकूप, होजांना कशाला अडचणीत घालतोस? आणि दफनभूमीचंही आत्ताच सांगतो, तिथे जागा मिळायची नाही. लोक ऐकणार नाहीत."

याकूपने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो हायरेत्तिनच्या अगदी जवळ आला. त्याच्या सदऱ्याला बर्फाचा आणि कापराचा वास येत होता.

"बरं. बागेत पुरतो. नमाजही मीच पढतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण तिसऱ्या तकबिरीनंतर मयतासाठी जी दुआ असते ना, ती आठवत नाहीये. इतकी वर्षं तुमच्यामागे उभा राहून म्हणत आलो, आणि आज जीभ अडकलीये. तेवढी सांगा. हळूच सांगा, कुणाला कळायचं नाही."

जनाजाच्या नमाजात चार वेळा 'अल्लाहू अकबर' म्हणतात, त्या तकबिरी; तिसरीनंतरची ती दुआ हायरेत्तिनला झोपेतही म्हणता आली असती. पाठीमागे शाबानचा श्वास ऐकू येत होता. कुणीतरी मोबाइल वर धरलेला त्याला दिसला. त्याने मान खाली घातली, आणि याकूप निघून जाईपर्यंत ती वर केली नाही.

आदेश होता, हे खरं. पुढे तो सगळ्यांना तेच सांगायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे. पण दोन ओळी कानात सांगू नकोस, असं त्या आदेशात कुठे होतं? हे त्याला कुणी विचारलं नाही. बायकोनेही नाही. नाझमिये त्या दिवशी ताटावर बसली, कोबीच्या सूपमध्ये मक्याची भाकरी कुस्करत राहिली आणि न जेवता उठली.

देशात मग बरंच काही झालं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, शाळेतले दोन मास्तर एका सकाळी दिसेनासे झाले, शेजारी शेजाऱ्याविषयी जपून बोलू लागला. चौकाला उठावाच्या तारखेचं नाव मिळालं आणि दरवर्षी त्या दिवशी हायरेत्तिनला तिथे दुआ म्हणायला बोलवू लागले. तोही जात राहिला. याकूपच्या बागेत मात्र तोडणीला गावातलं कुणी फिरकेना. पूर्वी सगळे मिळून एकमेकांच्या बागा उतरवायचे. आता म्हातारा-म्हातारी आणि मुलगी सेवजान असे तिघेच बर्फ पडेपर्यंत राबायचे. याकूप मशिदीत येईनासा झाला.

सेवजान नर्स झाली, परीक्षेत जिल्ह्यात वर आली. सरकारी दवाखान्यात नेमणूक व्हायची, तर त्याआधी घरची चौकशी. चौकीवरचा जमादार होजाकडे आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "याकूपचं घर कसं काय? तुमचा शब्द आमच्याकडे चालतो, म्हणून विचारतो."

हायरेत्तिनने पेल्यातली साखर ढवळली. चांगलं घर आहे, एवढे तीनच शब्द बोलायचे होते. "माझं तिकडे फारसं जाणं-येणं नाही," तो म्हणाला.

त्यात खोटं काहीच नव्हतं. खरं बोलूनही माणूस स्वतःच्या नजरेत इतका हलका ठरू शकतो, हे त्याला जमादार गेल्यावर कळलं. स्वयंपाकघरातून नाझमिये म्हणाली, "ती पोर माझ्या मांडीवर खेळलीये," आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. सेवजानची नेमणूक झाली नाही.

पुढच्या वसंतात नाझमिये गेली. बायकोचा जनाजा स्वतः पढवायचं बळ हायरेत्तिनमध्ये नव्हतं. शेजारच्या गावचा इमाम आला. रिवाजाप्रमाणे त्याने जमलेल्यांना विचारलं, "या बाईला तुम्ही कशी ओळखत होता?"

"चांगली!"

"तुमचं हिच्याकडे काही राहिलं असेल, तर ते सोडलंत का?"

"सोडलं!"

सगळ्यांत मोठा आवाज शेवटच्या रांगेतून आला. हायरेत्तिनने वळून पाहिलं. याकूप होता, इस्त्रीचा कोट घालून. माती देताना त्यानेही फावडं घेतलं, तीन फावडी माती लोटली, फावडं पुढच्याच्या हातात न देता रिवाजाप्रमाणे जमिनीवर टाकलं आणि चालू लागला.

ज्याच्या मुलाला गावाने मूठभर माती दिली नाही, त्याच्या त्या तीन फावड्यांनी हायरेत्तिनची झोप गेली. आठवडा उलटायच्या आत तो बाग चढून वर गेला. तुनजायची कबर बांधावरच होती, वर नाव नव्हतं. याकूप फांद्या छाटत होता.

"आबी, आज मी इथे नमाज पढतो. माझ्याकडून राहिलेली."

"राहिलेली नाही. झालीये ती." याकूपने कात्री थांबवली नाही. "तुमची दुआ शेवटपर्यंत आठवली नाही मला. मग आपल्याच भाषेत बोललो. म्हटलं, देवा, हा तुनजाय, याकूपचा पोरगा. लहानपणी अंधाराला घाबरायचा. जरा लक्ष ठेव."

हायरेत्तिन कबरीपाशी खाली बसला. तो म्हणाला, "पोचली असेल ती दुआ."

"ते मला ठाऊक आहे, होजा. तुम्हाला विचारलं नाही मी."

"मला माफ करा."

"मी माफ करून टाकीन हो. म्हातारा झालोय, ओझं किती वाहू? पण माफ करायचा हक्क माझा नाहीये. तो त्या मातीखालच्याचा, आणि खाली कारखान्यात पाकिटं भरणाऱ्या माझ्या पोरीचा. इथे झाडांपुढे रडून तुमचं काम भागेल, त्यांचं नाही. मशिदीच्या दारात सगळ्यांसमोर गप्प बसला होतात ना? मग बोलायचं तर तिथे बोला."

शुक्रवारी हायरेत्तिन मिंबरवर, प्रवचनाच्या उंच आसनावर चढला. सरकारकडून आलेलं प्रवचन त्याने वाचून संपवलं, आणि कागद बाजूला ठेवला.

"याकूपच्या मुलाचा जनाजा मी पढवला नाही. तो आदेश होता. पण त्याच्या बापाने माझ्याकडे दुआचे शब्द मागितले, तेही मी दिले नाहीत. तो आदेश नव्हता. ती माझी भीती होती. सेवजानबद्दल विचारलं तेव्हाही मीच भ्यालो. चांगलं घर आहे ते."

कुणीतरी मोठ्याने खाकरलं. चारपाच जण उठून गेले, मग आणखी काही. शाबान दारात त्याला म्हणाला, "होजा, सगळं शांत झालं होतं. उकरून काय मिळवलंत?"

"काही नाही," हायरेत्तिन म्हणाला, आणि ते खरंच होतं. सोमवारी त्याला तालुक्याला बोलावलं. तिथले साहेब सभ्यपणे बोलले. निवृत्ती घ्या म्हणाले, म्हणजे प्रकरण वाढणार नाही. त्याने घेतली. सेवजानची नेमणूक तरीही झाली नाही. ती ट्राबझोनला एका खासगी वृद्धाश्रमात कामाला लागली. चहाच्या दुकानात हायरेत्तिन बसला, की शेजारची खुर्ची रिकामीच राहू लागली.

ऑगस्टमध्ये तोडणी सुरू झाली. एका सकाळी तो कमरेला टोपली बांधून याकूपच्या बागेत गेला. याकूपने त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुस्तकं धरलेल्या मऊ हातांना फांद्या ओढणं जमेना. दुपारपर्यंत बोटं सोलवटली. खालच्या वाटेने जाणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. त्याला वाटलं, झाडाआड व्हावं. तो झाला नाही, पण मानही वर करवली नाही.

"फांदी मोडू नका," वरून याकूप ओरडला. "वाकवा. अशी."

हायरेत्तिनने फांदी सोडली, पुन्हा धरली, आणि वाकवून बघू लागला.