गिळायचं नाही

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे चवबाई म्हणत. अठरा वर्षं एकच काम. भट्टीतून आलेलं बिस्किट चावायचं, जिभेवर फिरवायचं, पुढ्यातल्या वाटीत थुंकायचं, चूळ भरायची आणि कागदावर गुण लिहायचे. गिळायचं मात्र नाही. पोट भरलं की जीभ खोटं बोलते, असा तिथला नियम. म्हणून चाखणाऱ्यांनी सकाळी उपाशी यायचं आणि चारला काम संपल्यावरच जेवायचं. लोक म्हणायचे, बाईची मजा आहे, बसून खायचे पैसे मिळतात! खायचे कुठले, थुंकायचे.

चार वाजेपर्यंत भूक मेलेली असे. पुढे पुढे ती रात्रीचीही लागेना. घड्याळाकडे बघून जेवायचं, एवढंच उरलं. तिला त्याचं काही वाटतही नसे. उलट "मला बाई खायला फारसं लागतच नाही" असं ती मिरवायची.

मग घरात सून आली. पहिल्याच रविवारी पोरीनं हौसेनं मासे तळले, भात केला, सासूला आग्रह करून वाढलं. चवबाईनं घास घेतला, चावला, जिभेवर फिरवला आणि सरळ वाटीत थुंकून म्हणाली, "मीठ ठीक. कडा करपल्यात. दहापैकी सहा."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आई, अगं काय हे!" मुलगा ताडकन उठला. "तिच्या अन्नावर थुंकतेस?"

"सवयीनं झालं रे," ती म्हणाली. पण ऐकतंय कोण! तिनं घाईघाईनं दुसरा घास तोंडात कोंबला, तर तो घशाखाली उतरेना. पाण्याबरोबर ढकलला कसाबसा. तेव्हा मात्र ती घाबरली. समोर एवढं सुंदर जेवण आणि आपल्याला त्यातलं काहीच नकोय? रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि सकाळी भीतीचा राग झाला होता. मेल्यांनी माझी भूक खाल्ली!

कारखान्यात तिनं पहिलं बिस्किट चावलं आणि गिळलं. दुसरं गिळलं. चाखणी खात्याचे साहेब आले.

"चवबाई, वाटी कोरडी कशी?"

"गिळलं."

"नियम माहीत आहे ना? खोकी भरायला पाठवीन. आठ तास उभ्यानं काम."

"खोकी भरणारे जेवतात किती वाजता?"

"बाराला."

"मग पाठवाच."

साहेब जरा नरमले. "अहो, तुमच्यासारखी जीभ दुसरी नाही आपल्याकडे. चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या, विषय संपला."

"चूक अठरा वर्षं झाली, साहेब. आजची नाही," असं म्हणून तिनं समोरची अख्खी बशी त्यांच्या डोळ्यांदेखत संपवली. भुकेनं नव्हे हं, निव्वळ हट्टानं.

आणि भूक काय, हाक मारली की धावत येते थोडीच! खोक्यांपाशी पाय सुजले, पाठ मोडली, पण बाराच्या भोंग्याला डबा उघडला की दोन घासांत नको व्हायचं. सोबतच्या बायका म्हणाल्या, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. घरी सून ताट ठेवायची आणि निघून जायची. चवबाई मनात म्हणायची, माघार घेणार नाही, काय व्हायचं ते होवो.

दहाव्या दिवशी ती संध्याकाळी घरी येत होती. वाटेत पोटात असा काही खड्डा पडला की तिला आधी आजारी पडल्यासारखं वाटलं. शेजारच्या घरातून कांदा परतल्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. अगंबाई! हीच की ती!

चपलांसकट ती स्वयंपाकघरात शिरली. "सूनबाई, मला भूक लागलीय."

सुनेनं मान वर केली नाही. "बटाटे अजून उकडतायत. भाजीला अर्धा तास लागेल."

"थांबवत नाही गं!" चवबाईनं झाकण काढलं, डावानं एक बटाटा उचलला आणि वाफाळता तसाच तोंडात घातला.

"अहो आई! जीभ भाजेल ना!"

डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तिनं घास गिळला. "भाजू दे मेलीला! अठरा वर्षं तिचेच लाड केले. तू वाढ."