आत्याचा मान

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. तुम्ही नऊ वर्षांचे आहात. घरात बारा दिवसांचा भाऊ आहे, आज त्याचं बारसं आहे, आणि आत्याच्या पाठीत गुद्दा घालायची तुम्हाला उघड परवानगी आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नाव सांगून होताच तिच्या पाठीत गुद्दे घालायचा मान पोरांचा. पालमच्या स्वरदानं सकाळपासून मूठ वळून ठेवली होती.

तिची निवेदिता आत्या पहिल्या एसटीनं परभणीहून आली. एका हातात स्वतः शिवलेली कुंची, दुसऱ्या हातात बर्फ घातलेला छोटा डबा. डब्यात काय आहे ते स्वरदाला ठाऊक होतं. आत्या आणि नागेश आतोबा सहा वर्षं बाळाची वाट पाहत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला रोज ठरल्या वेळी पोटात सुई टोचून घ्यायला सांगितलं होतं.

दहा वाजता आत्या डबा घेऊन मागच्या खोलीत गेली. स्वरदानं कापसाचा बोळा धरला. आत्याच्या पोटावर जागोजागी निळे-हिरवे डाग पडले होते.

"लय दुखतं का गं?"

"सुईचं काय, सवय झाली. दर लग्नात चार बायका पोटाकडं बघून भुवया उडवतात ना, त्याची होत नाही." आत्यानं साडी सारखी केली. "आज गुद्दा जरा हळू घाल बाई. तुझ्या बारशाला अख्ख्या गल्लीनं धुतलं होतं मला."

तेवढ्यात दारात आजी येऊन उभी राहिली. आजी म्हणजे सुमंगलाबाई, आत्याची सख्खी आई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "निवे, नाव उज्ज्वला सांगेल. चुडाव्याहून आलीय ती. चुलत का होईना, आत्याच आहे की. थोरल्या जाऊबाई म्हणायल्यात, जिची कूस उजवली नाही तिनं बाळाच्या कानाशी वाकू नये. तू आपली घुगऱ्यांकडं बघ."

"माझा आवाज बाधतो बाळाला?"

"मी म्हणायलेय का? लोक म्हणायलेत."

"मग लोकांना तू काय म्हणालीस?"

आजी काहीच म्हणाली नव्हती. आताही तिनं नुसती कुंची उचलली आणि बाळाला घालायला घेऊन गेली.

स्वरदाचं डोकं तापलं. नऊ वर्षांपूर्वी याच आत्यानं तिच्या कानात 'स्वरदा' म्हटलं होतं. आवाज तोच, तोंड तेच. स्वरदाला ना ताप आला, ना तिचे कान गळून पडले. आत्याच्या हातची कुंची चालते, आत्यानं शिजवलेल्या घुगऱ्या गावभर वाटायला चालतात, मग आत्याच्याच तोंडचं नाव का चालू नये? आणि तपासण्या तर दोघांच्याही झाल्या होत्या. पण आतोबा पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून दुसरा चहा पीत होते. त्यांना कुणी घुगऱ्यांपाशी बसवलं नव्हतं.

ती तरातरा बाबांकडं गेली. आत्याचा हा सख्खा भाऊ श्रीराम पाळण्याला फुगे बांधत होता.

"बाबा, आत्याला नाव सांगू देत नाहीयेत."

"माहीत आहे. मोठ्यांच्या मधे पडू नकोस. आत्या समजून घेईल."

"तिनंच का समजून घ्यायचं? तिनं काय केलंय?"

श्रीरामनं पाळण्यावरची नजर काढली नाही. "तो दोरा दे इकडं," तो म्हणाला.

स्वरदानं दोरा दिला नाही.

बायका जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बाळ पाळण्याखालून एकदा इकडं, एकदा तिकडं गेलं आणि मग पाळण्यात विसावलं. स्वयंपाकघराच्या दारात आत्या हातात झारा घेऊन उभी होती. ती रडत नव्हती. पातेल्यातल्या घुगऱ्या केव्हाच शिजल्या होत्या, तरी ती मधूनच आत जाऊन त्या ढवळून येत होती.

"उज्ज्वले, वाक की आता," आजीच्या थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई म्हणाल्या. "कानात कुर्र कर अन् सांग नाव. पोरांनो, मुठी वळा."

उज्ज्वला अवघडून पुढं झाली. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, मग केस कानामागं सारून वाकली.

तेव्हा स्वरदानं सकाळपासून वळलेली मूठ सोडली. दोन बायकांच्या मधून ती आत घुसली, पाळण्यावर ओणवली आणि दोन्ही तळव्यांनी भावाचे कान झाकून धरले. अगदी हळू, पण घट्ट.

"ए पोरी, सर बाजूला. मुहूर्त टळायलाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"टळू द्या. आत्या आल्याशिवाय मी हात काढणार नाही."

आजी "स्वरदे" म्हणाली आणि पुन्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. उज्ज्वला सरळ उभी राहिली आणि दोन पावलं मागं सरकली.

स्वरदानं मान वळवून स्वयंपाकघराकडं हाक मारली, "आत्या, ये ना लवकर. माझे हात अवघडायलेत."