सुलाबाईंचे पाय

ठक. जरा थांबून पुन्हा ठक.

दुपारच्या शांततेत तो आवाज एवढा मोठा वाटला की पाळण्यातलं बाळ दचकून हललं. आत्ता कुठे डोळा लागला होता त्याचा. मेथी निवडता निवडता मी तशीच उठले आणि आतल्या खोलीत डोकावले. सुमेधा टेबलाशी बसली होती आणि टेबलाच्या कडेवर तिच्या दोन्ही हातांची बोटं चालली होती. त्यांचा आवाज नव्हता. आमच्या घरात पियानो कुठला? पण पाय पोचत नाहीत म्हणून खाली ठेवलेला पाट एका बाजूला डुगडुगत होता. एकदा डावा पाय, एकदा उजवा.

"सुमे, बाळ उठेल ना गं."

"मग पाय कसे हलवू? परीक्षा आलीये. बाई म्हणतात, पाय थांबले की गाणं गुदमरतं."

मी पाटाखाली एक फडकं घडी करून सरकवलं आणि मेथीकडे वळले. यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. कसं येणार? कणीक मळताना एखादी चाल आठवली की ओट्याशी उभ्या उभ्या माझ्याही टाचा अशाच वरखाली व्हायच्या. जयराममास्तरांच्या विद्यालयात जी जी मुलं पियानो शिकली, ती सगळी तशीच वाजवायची. आम्हाला सुलाबाईंनी शिकवलं होतं.

मास्तरांचं संगीत विद्यालय शरणपूर रस्त्याच्या आतल्या अंगाला होतं. बसक्या कौलांच्या तीन खोल्या. पहिलीत तबला, दुसरीत गाणं आणि हार्मोनियम, आणि शेवटच्या खोलीत तो पियानो. देवळाली कॅम्पातलं एक पारशी कुटुंब मुंबईला जाताना तो देऊन गेलं होतं. बैलगाडीतून आला तेव्हा मी शाळेत होते. वाजवणार कोण, हा प्रश्न होता. मास्तर म्हणाले, चर्चमध्ये पायपेटी वाजवणाऱ्या सुलाबाई आहेत, त्यांना विचारू. सुलाबाई आल्या, त्यांनी झाकण उघडलं, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून पदर फिरवला आणि म्हणाल्या, "पट्ट्या तर त्याच हायेत. बघू या."

एवढ्यावर त्या पियानोच्या बाई झाल्या.

आमच्या वस्तीतून मला घेऊन वडील तिथे गेले, तेव्हा त्यांनी दारातच हात जोडून सांगून टाकलं होतं की आम्ही बौद्ध आहोत. त्याआधी एका ठिकाणी वर्ग भरलाय म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं, आणि बाकं तर रिकामी दिसत होती. बाईंनी त्यांचं बोलणं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "बोटं दाखव." मी दाखवली. "नखं काढून ये उद्या." बाकी काही विचारलं नाही.

लग्न झालं आणि माझा पियानो सुटला. सुमेधा सहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला बाईंकडे घातलं. त्या आता छप्पन्न-सत्तावन्नच्या होत्या, पण शिकवायची तऱ्हा तीच. मूल स्टुलावर आणि बाई शेजारी जमिनीवर. मुलाचे घोटे हातात धरून त्या एक-एक पाय पियानोखालच्या पितळी पट्टीवर दाबायच्या. "वारा दे. आधी वारा, मग सूर." बोटांचं नंतर. एखाद्याचं बोट चुकलं तर हसायच्या. पाय थांबला तर मात्र रागवायच्या.

यंदा मास्तरांनी बरीच खटपट करून मुंबईच्या संस्थेची परीक्षा नाशिकला आणली होती. पियानोच्या परीक्षेला आमच्याकडची मुलं पहिल्यांदाच बसणार होती. चांगली पास झाली तर विद्यालयाला मान्यता मिळेल, बाईंनाही शिक्षिका म्हणून कागद मिळेल, असं मास्तर सगळ्यांना सांगत फिरत होते. त्या आठवड्यात बाईंनी पियानो दोनदा पुसलेला मी पाहिला.

परीक्षेच्या सकाळी आम्ही आया ओसरीवर बसलो होतो. लताबाईंचा झुंबर नव्या बुटांनी हैराण झाला होता.

"चावतात गं आई."

"चावू दे. साहेबीण आलीये मुंबईची. अनवाणी वाजवशील तर म्हणेल, नाशकात मोच्याचं दुकान नाय."

सगळ्या हसल्या. सुलाबाईही हसल्या. त्यांनी पांढरं इस्त्रीचं पातळ नेसलं होतं आणि भिंतीला टेकून त्या दाराच्या फटीतून आत बघत होत्या.

परीक्षक बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. वयस्क, चष्मा लावलेल्या, बोलायला मऊ. झुंबर वाजवून आला. मग सुमेधा गेली. तिने सुरुवात केली तशी मी माझी बोटं मुठीत धरून ठेवली. चाल बरोबर चालली होती. एकदम आतून आवाज आला, "थांब बेटा."

पियानो थांबला.

"घरी शिवणयंत्र आहे का? आईचं?"

"नाही," सुमेधा म्हणाली.

"मग हे पाय कुठे शिकलीस?"

"इथेच."

ओसरीवर कुणीतरी हसलं, पण शिवणयंत्राच्या त्या बोलण्यावर लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी सुलाबाईंकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आत गेलेल्या प्रत्येक मुलाचे पाय तसेच चालले. शेवटी परीक्षक बाई स्वतः दारात आल्या. "मुलांना कोण शिकवतं?"

सुलाबाईंनी वर्गात पोरं करतात तसा हात वर केला.

"तुम्ही वाजवून दाखवाल का? परीक्षा नाही हं. मला समजून घ्यायचंय."

सुलाबाई आत गेल्या. दार आता सताड उघडं होतं. त्यांनी प्रार्थनेचं एक संथ गीत वाजवलं. मला ते नीट माहीत होतं. किती संध्याकाळी मी ते ऐकत बसले होते, घरी जायचं सोडून. ते आजही तसंच होतं, भरलेलं आणि एकमेकांत मिसळलेलं, सूर संपला तरी खोलीत राहणारं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी खाली बघितलं. चपला काढून ठेवलेले बाईंचे पाय दोन पितळी पट्ट्या आळीपाळीने दाबत होते, सायकलवर चढ चढावा तसे.

"हात फार छान आहेत तुमचे," परीक्षक बाई म्हणाल्या. "पण बाई, हा पियानो आहे. आत हातोड्या असतात, त्या तारांवर पडतात. ह्याला भाता नसतो. तुम्ही सारखं पाय दाबता म्हणून सूर एकमेकांत कालवले जातात. मुलांना तीच सवय लागलीये."

"पायाशिवाय वाजतो, ते ठाऊक हाय मला," सुलाबाई म्हणाल्या. घरातली बोली वर्गात शिकवताना त्यांच्या तोंडी कधी यायची नाही. "मला वाटायचं, पायानं त्याला दम मिळतो."

परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि पुसला.

मुलं नापास झाली. निकालासोबत आलेलं मत मास्तरांनी मला वाचून दाखवलं. कान उत्तम, बोटं तयार, पण पाय चुकीचे. प्रशिक्षित शिक्षक ठेवून पुढच्या वर्षी बसवावं. देवळालीत एक तरुण सर होते, ते शनिवारी यायला तयार होते.

"सुलाबाईंना कसं सांगू?" मास्तर म्हणाले. तबल्यावर थाप मारायचं सोडून ते त्याची चामड्याची वादी ओढत बसले होते. "मी सांगितलं तर काढून टाकल्यासारखं होईल. चंदा, तू त्यांची आहेस. तू बोल."

"मी काय बोलू मास्तर?"

"ते मला माहीत असतं तर मीच नसतो बोललो?"

दुसऱ्या दिवशी बाळाला कडेवर आणि सुमेधाला हाताला धरून मी गेले. वर्ग नव्हता. शेवटच्या खोलीतून पियानोचा आवाज येत होता. पण मध्येच तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा, पुन्हा तुटायचा. एखादं नवं मूल असावं असं मला वाटलं.

दारातून बघितलं तर सुलाबाई होत्या. स्टुलावर मांडी घालून बसल्या होत्या. पाय पातळाखाली आवळून घेतलेले, आणि समोर पट्ट्यांवर हात. तेच संथ गीत. चार सूर नीट यायचे, मग मांडीतला गुडघा हलायचा आणि बोटं जिथल्या तिथे थांबायची. चाळीस वर्षं वाजवलेलं गाणं त्या शोधत होत्या.

मी तशीच मागे फिरणार होते. सुमेधानेच हाक मारली, "बाई!"

त्यांनी वळून पाहिलं आणि पाय खाली सोडायला गेल्या. एका पायाला मुंग्या आल्या होत्या. मी पुढे झाले.

"पाय थांबले की हात विसरतात गं, चंदा," त्या हसून म्हणाल्या. "बघ ना, एवढी म्हातारी झाले."

"सवय आहे बाई. जाईल."

"सवय नाय गं." त्यांनी बाळाला माझ्याकडून घेतलं, मांडीवर ठेवलं. "मी नऊ-दहा वर्षांची असेन. बाप आमचा दिंडोरीकडचा, मिशनच्या बागेत माळी. चर्चमध्ये मडम पायपेटी वाजवायच्या, पण त्यांच्या गुडघ्यात वात शिरला. दाबवत नव्हतं. मग मला खाली बसवलं. मी हातांनी पायट्या दाबायची, त्या वर वाजवायच्या. अशी कैक वर्षं. तिथनं मला त्यांची बोटं दिसायची, खालून. सूर त्यांचा, वारा माझा."

"त्यांनी शिकवलं नाही तुम्हाला?"

"कशाला? माझं काम खालचं व्हतं." हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, बाळाच्या मुठीत आपलं बोट देत. "मडम विलायतेला गेल्या. रविवारी पेटी तशीच उभी. पाद्रीसाहेब म्हणाले, आता कोण? मी उठून स्टुलावर बसले. बोटं बघून बघून पाठ झाली व्हती. पाय तर माझेच व्हते."

सुमेधा जमिनीवर बसून ऐकत होती, पियानोच्या पितळी पट्ट्यांजवळ.

मी मास्तरांचा निरोप सांगायला तोंड उघडलं. बाईंनीच हात करून मला थांबवलं.

"देवळालीचे सर कधीपासनं?"

मी बाळाचं टोपडं नीट करायला वाकले.

"जयराममास्तर सकाळपासनं माझ्याकडे बघत नायत. आणि सरांचं कानावर आलंय. एवढं कळतं मला." त्यांनी बाळ परत दिलं. "सरांना म्हणावं, शनिवारी या. पोरं लहान हायेत, त्यांचे पाय सुटतील. आणि एक सांग मास्तरांना. वर्ग मी सोडला म्हणून सांगा सगळ्यांना. काढला म्हणू नका. पोरं उगाच मास्तरांवर रागावतील."

शनिवारी देवळालीचे सर सायकलवरून आले. पंचविशीतले, थोडे बुजलेले. सुलाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी एकेका मुलाला हाताला धरून सरांपुढे उभं केलं. "हा झुंबर, डाव्या हाताला घाई करतो. ही सुमेधा, ऐकलेलं विसरत नाही. यांच्या कानांची काळजी करू नका. बोटंही तयार हायेत." पायांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. सरांनी वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या मागे सरकल्या. "अहो, मला कसला?"

सरांनी पहिल्याच मुलाला स्टुलावर बसवलं आणि पायाखाली काहीच ठेवलं नाही. पाय लोंबते राहिले. सूर सुटे सुटे, स्वच्छ यायला लागले. बाई ओसरीवरून ऐकत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे पाय फरशीवर अगदी स्थिर होते, एकावर एक दाबून धरलेले.

"छान येतंय," त्या म्हणाल्या. "कसं वेगवेगळं ऐकू येतं बघ. मला कधी आलं नाय."

मग त्यांनी चपला घातल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि फाटकातून चर्चच्या दिशेने निघाल्या. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेटीची धूळ झटकायची होती, असं काहीतरी म्हणाल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. त्या चालताना पायांनी ठेका धरतात की काय, ते मी बघत राहिले. धरत नव्हत्या. गुडघे दुखणाऱ्या कुठल्याही बाईसारख्या चालत होत्या.

वर्ग सुटल्यावर सुमेधा माझ्या बोटाला धरून चालत होती. बाळ खांद्यावर झोपलं होतं. अशोकस्तंभाच्या अलीकडे टांगा जाईपर्यंत आम्ही थांबलो, तेव्हा ती म्हणाली,

"आई, सरांना त्यांच्या सरांनी शिकवलं?"

"हो."

"मला सर शिकवणार. तुला बाईंनी शिकवलं."

"हो गं."

"मग त्या मडम रोज वर बसायच्या, बाई रोज खाली बसायच्या." टांगा गेला, रस्ता मोकळा झाला, तरी ती जागची हलली नाही. "एकदासुद्धा त्यांनी बाईंना वर का नाही बसवलं?"