वसंताच्या जागी स्टेपनी

रखमाजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं, वंदनानं, कुणालाही न विचारता एक जुनी छोटी गाडी घेतली आणि ती चालवायला शिकली. नवरा वारल्यापासून ती तीर्थपुरीला वडिलांकडंच राहायची आणि घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवायची. साखरेच्या दुखण्यात रखमाजींचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. डायलिसिसला जालन्याला जायचं म्हणजे ते पुढच्या सीटवर, त्यांची घडीची व्हीलचेअर डिक्कीत, आणि मागच्या सीटवर वसंता.

वसंता रखमाजींचा पुतण्या. त्याला गाडीत बसवलं होतं आदिनाथनं. आदिनाथ वंदनाचा धाकटा भाऊ, पुण्यात कंपनीत नोकरीला. "ताई, बाईमाणसानं एकटीनं एवढं लांब जायचं न्हाई. पुरुष माणूस पाहिजे सोबत," असं त्यानं फोनवर बजावलं होतं. वसंताला गाडी चालवता येत नव्हती. तो अंबडपर्यंत मोबाईल बघायचा आणि अंबडच्या पुढं झोपायचा.

उन्हाळ्यात अंबडकडच्या रस्त्याचं काम निघालं. एका सकाळी खडीत पडलेल्या सळईच्या तुकड्यानं पुढचं टायर फाडलं. वंदनानं जॅक लावून स्टेपनी चढवली. कंपनीनं दिलेली स्टेपनी बारकी होती, बाकीच्या चाकांपेक्षा रुंदीनं निम्मी. जवळच्या टायरवाल्यापर्यंत हळूहळू जायचं, एवढ्यापुरतीच ती असते. पण तिथून जवळचा टायरवाला म्हणजे अंबडचा, आणि मधे सगळी खडीच. थोडं अंतर कापलं आणि स्टेपनीचीही हवा गेली.

"मदत घेऊन येतो," म्हणत वसंता एका मोटारसायकलवर बसून गेला. तो परत आला नाही. गाडी तापली. रखमाजींना धाप लागली. वंदना रस्त्याच्या मधोमध उभी राहून हात करत होती. शेवटी मोसंबीच्या एका टेम्पोवाल्यानं दोघांना घेतलं. अंबडच्या स्टँडसमोरून जाताना वसंता हॉटेलात चहा पिताना दिसला. वंदनानं टेम्पो थांबवायला सांगितलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत रखमाजींचा नंबर दुसऱ्याला गेला होता. डायलिसिस संध्याकाळी झालं, आणि फुप्फुसात पाणी भरल्यामुळं त्यांना तिथंच भरती करून घेतलं.

ते घरी आले त्या रविवारी आदिनाथ पुण्याहून आला. त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं.

"गाडी विकून टाक," तो म्हणाला. "आबाला मी घेऊन जातो. आमच्या सोसायटीपासून दवाखाना जवळ आहे."

"मी न्हाई येत," रखमाजी बाजेवरून म्हणाले. "तुज्या तिसऱ्या मजल्यावरून मला खाली कोण आणणार? इथं दाराशी बसलो तर चार माणसं बोलतेत."

"आबा, जिवावर बेतलं होतं. पुन्हा असं झालं तर?"

"पुन्हा होणार न्हाई," वंदना म्हणाली. "मी पूर्ण मापाची स्टेपनी टाकून राह्यले."

आदिनाथ हसला. "बसत नाही ती. त्या गाडीला जागाच नाही. मी शोरूममधे विचारलंय."

"तू विचारलं आसंल. मी बसवून बघते."

"आणि नाहीच बसली तर आबाला पाठवशील?"

"न्हाई," वंदना म्हणाली. "मी पैज लावली न्हाई तुज्याशी."

दुसऱ्या दिवशी ती कमरोद्दीनच्या टायरच्या दुकानात गेली. कमरोद्दीन गिरणीचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं भंगारातून तिच्या गाडीच्या मापाची डिस्क शोधली, तिच्यावर नवं टायर चढवलं आणि चाक डिक्कीतल्या खड्ड्यात ठेवलं. ते काठावरच अडलं.

"ताई, हा गड्डा बारक्या चाकाचा है," तो म्हणाला. "बिलकुल बसत न्हाई."

"हवा कमी करा."

त्यानं हवा कमी केली, गुडघा टेकवून दाबलं. चाक आत गेलं, पण वीतभर वर राहिलं. त्यावर डिक्कीची फळी बसेना, आणि फळी बसेना म्हणजे व्हीलचेअर राहीना. चाक आवळायचा मधला बोल्टही आखूड पडला.

"मंग टपावर कॅरियर मारू," कमरोद्दीन म्हणाला. "बराबर होतंय."

"टपावरून मी एकटी कशी उतरवू? माझा हात तरी पुरतो का?"

"वसंता आसतोय ना?"

वंदना गाडीच्या मागं उभी राहून आत बघत राहिली. चाक, मग मागच्या सीटची पाठ, मग सीट. तिनं दार उघडलं, सीटची पाठ पुढं पाडली आणि व्हीलचेअर उचलून त्यावर आडवी ठेवली. ती नीट बसली, वर टोपलंभर जागा उरली.

"ताई, मंग मागं माणूस कुठं बसणार?" कमरोद्दीननं विचारलं.

"वसंता आणि चाक, दोनीतलं एकच जातंय," ती म्हणाली. "चाक घ्या."

लेथवाल्याकडून लांब बोल्ट करून आणला, कारण मोकळं चाक डिक्कीत ठेवायला कमरोद्दीन तयार नव्हता. ब्रेक दाबला की ते चाक पुढं येऊन माणसाच्या मानेत बसतं, असं तो म्हणाला. प्लायला मधे चाकाएवढं गोल भोक पाडून, खाली लाकडाच्या पट्ट्या ठोकून, चाकाच्या उंचीची नवी फळी केली. व्हीलचेअरला दोन पट्टे मारले. सगळं झाल्यावर वंदनानं त्याला बाजूला उभं केलं आणि चाक स्वतः बाहेर काढलं. जड होतं. ते तिच्या पायावर पडता पडता राहिलं. तिनं ते पुन्हा आत ठेवलं, पुन्हा काढलं, आणि जमतंय अशी खात्री झाल्यावर बोल्ट आवळला.

पुढच्या फेरीला वसंता सवयीप्रमाणं दारात येऊन उभा राहिला. मागं बघून म्हणाला, "मी कुठं बसू?"

"घरी बस," वंदना म्हणाली.

त्या सकाळी आदिनाथचे फोन सुरू झाले. दोघांचीच गाडी रस्त्यावर, लोक काय म्हणतील, काही झालं तर जबाबदार कोण. वंदना गाडी चालवताना फोन उचलत नसे. रखमाजींनी उचलला. "आमी चाललोत," एवढं बोलून त्यांनी तो खिशात टाकला.

पावसाळा संपता संपता मागचं चाक पंक्चर झालं, भर दुपारी, दोन्ही बाजूंना कपाशी आणि सावलीला एक झाड नाही. वंदनानं पुढच्या चाकांना दगड लावले, जॅक बाहेर काढला. मोटारसायकलवरचे दोघं थांबले. त्यातला एक उतरून म्हणाला, "बाई, कोणी माणूस न्हाई का सोबत?"

काच खाली होती. "मी काय बैल है का?" रखमाजी आतून म्हणाले.

तो माणूस ओशाळला. हात लावू का म्हणून त्यानं विचारलं. वंदनानं मान हलवून नको म्हटलं. एक नट जाम होता. ती पान्यावर पाय देऊन उभी राहिली, अंगाचा सगळा भार टाकला, आणि नट सुटला. वंदना चाक चढवेपर्यंत दोघं बघत उभे होते आणि मग निघून गेले. डिक्कीत ठेवलेल्या पंपानं तिनं स्टेपनीत कमी ठेवलेली हवा पूर्ण केली, रखमाजींनी प्यायच्या पाण्यातलं थोडं तिच्या हातावर ओतलं. डायलिसिसमुळं त्यांना मोजूनच प्यायचं पाणी होतं ते.

जालन्यात नंबर मिळाला. ते आत असताना तिनं पंक्चर काढून आणलं, चाक पुन्हा जागेवर आवळलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून भाकरी खाल्ली. आदिनाथचा फोन आला. कुणीतरी रस्त्यात बघून त्याला कळवलं होतं.

"ताई, एकटीनं बदललंस?"

"हो."

"आबाला त्रास झाला का?"

"न्हाई. वेळेवर पोचलो."

"बरं," तो म्हणाला. पुण्याचा विषय त्यानं काढला नाही.

परतताना तीर्थपुरी जवळ आली तसे रखमाजी डावीकडं बघायला लागले. तिकडून त्यांच्या मोसंबीच्या बागेकडं गाडीवाट जायची. पाय गेल्यापासून त्यांनी बाग पाहिली नव्हती; वसंताच बघून यायचा. वाट खराब, टायर फाटतील, म्हणून वसंतानं आणि आदिनाथनं दोन वेळा नाही म्हटलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी विचारायचं सोडलं होतं.

वंदनानं गाडी हळू केली. "जायचं का?"

"तळ घासंल."

"घासू द्या."

तिनं वाटेवर गाडी घातली. चाकोरीत पाणी होतं, एका ठिकाणी खाली दगड लागला आणि रखमाजींनी दाराची कडी घट्ट धरली, पण थांब म्हणाले नाहीत. बांधाशी गाडी उभी राहिली. तिनं पट्टे सोडून व्हीलचेअर खाली ठेवली, पण ओल्या काळ्या मातीत तिची चाकं रुतली. मग रखमाजींनी नुसतंच दार उघडून पाय बाहेर सोडला, मातीत टेकवला, आणि बसल्या जागेवरून खालची फांदी ओढून पान उलटं करून मागचे बारीक किडे पाहिले.

"कोळी पडलाय," ते म्हणाले. "वसंता तर सांगत होता, बाग झकास है."

"उद्या फवाऱ्याचा पंप घेऊन येऊ," वंदना म्हणाली. "मागं जागा है."