हिला आनंद झेपत न्हाय

होटगीच्या मारुतीपुढं सप्ता बसला, की तो उठेपर्यंत वीणा भुईला टेकू द्यायची नाही, असा नेम. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढं येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. जुन्या वीणेच्या भोपळ्याला चीर गेली, म्हणून सप्त्याची उस्तवार बघणाऱ्या सिदूनं अक्कलकोटकडच्या एका म्हाताऱ्याकडून दुसरी आणली. देताना म्हातारा एवढंच म्हणाला, "बाकी काय खोड न्हाय हिला. फकस्त आनंद झेपत न्हाय. घेणारा लई खूश झाला तर धरून ठेवा." सिदू हसला. विकणारे बोलतातच.

सप्ता सरत आला तरी खोड दिसली नाही, कारण पहारेकरी सगळे मानकरी. मानाचा माणूस वीणा घेतो तेव्हा त्याचं तोंड रुसलेल्या जावयासारखं असतं.

शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला पहारा मिळाला बिरप्पाला. मेंढरांमागं जन्म गेला त्याचा, पण कीर्तन म्हटलं की कळप बायकोवर, मायाक्कावर टाकून पळत यायचा. इतकी वर्षं मंडपाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवल्या, वीणा कधी हाती आली नव्हती. सप्त्याचा पुढारी महिपती. त्यानं आधीच बजावलं, "बुवांचा शब्द म्हणून देतोय. पर पहारा मोडला तर पुन्यांदा वीणेकडं बघायचं बी न्हाय. ध्यानात हाय?"

"हाय की," बिरप्पा म्हणाला. वीणा गळ्यात पडताच त्यानं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

कीर्तनकार विरुपाक्षबुवांनी काला काय रंगवला! यमुनेकाठी गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्यात. कुणाचं लोणी, कुणाच्या घारग्या. एक पोरगं मात्र आपलं फडकं पाठीमागं लपवतंय. त्यात शिळी भाकरी आणि ठेचा. "आणि देवानं," बुवा गात गात पुढं सरकले, "सगळ्यांच्या वरून हात नेला, नि पहिला घास घेतला त्या शिळ्या भाकरीचा!"

बिरप्पाच्या कमरेला तेव्हाही तसंच फडकं होतं. तीच भाकरी, तोच ठेचा. तो "आं!" म्हणाला आणि वर गेला.

आधी टाचा सुटल्या, मग बोटं. मृदंग वाजवणाऱ्या गुंडाच्या नाकासमोरून त्याचे गुडघे गेले. गुंडाचा हात चुकला नाही, उलट लय वाढली, आणि लय वाढली तसा बिरप्पा आणखी वर.

"भुई सुटली!" महिपती ओरडला. "पहारा मोडला!"

बुवांनी हात वर केला. "थांबा. वीणा भुईला लागू नये असा नेम आहे. वीणेकरी भुईला लागावा, असा कुठं आहे?"

मंडपात हशा पिकला. बिरप्पाही हसला आणि थेट मंडपात उंच टांगलेल्या काल्याच्या हंडीजवळ पोचला.

"पर आता म्होरच्यानं ह्याच्या पाया कसं पडायचं?" बायकांतल्या गोजरबाईनं विचारलं, आणि हसू थांबलं. पुढचा पहारा महिपतीचाच. पाया पडल्याशिवाय वीणा बदलत नाही, आणि बदलली नाही तर पहारा मोडला तो मोडलाच.

"मायाक्का," वरून बिरप्पा कळवळला, "मला दुक्की कर गं! कायतरी सांग!"

मेंढरं मंडपामागच्या माळावर सोडून कीर्तनाला आलेल्या मायाक्कानं पदर खोचला. "मेंढरं रावजीच्या हरभऱ्यात शिरली!"

"खाऊ दे की. काल्याचा दिस हाय!" बिरप्पा वीतभर वर.

"माझी आई ऱ्हायला येतीय. म्हैनाभर!"

बिरप्पा झपकन हातभर खाली आला. "आला, आला!" लोक ओरडले. तेवढ्यात त्याचा चेहरा उजळला. "पर तिच्या हातचं पिठलं लई झकास असतंय की!" आणि गेला परत.

"जा तिकडंच!" मायाक्का म्हणाली. "वरनं मेंढरं तरी दिसतील!"

शेवटी मंडप बांधायची शिडी आली. सिदूनं आणि गुंडानं ती धरली, बायकांनी खाली घोंगड्या पसरल्या. महिपती कुरकुरत चढला. त्याच्या कपाळासमोर बिरप्पाचे पाय आले, रानोमाळ हिंडून भेगाळलेले. महिपती थांबला. सगळा मंडप थांबला. मग त्यानं कपाळ टेकलं.

बिरप्पानं वीणा पोटाशी धरून हवेतच कोलांटी घेतली, महिपतीच्या पायांना डोकं लावलं, सरळ झाला, वीणेचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि हात सोडले.

धप्प! बिरप्पा घोंगड्यांवर, वीणा वर.

"मोडला न्हाय!" उठता उठता तो नाचायला लागला. "मायाक्का, पहारा मोडला न्हाय गं!"

महिपती एक पायरी उतरला आणि त्यानं खाली पाहिलं. पागोटं सुटलेलं, धोतराचा सोगा मागं लोळतोय, डोळ्यांतून पाणी, आणि बिरप्पा गोल गोल नाचतोय. महिपतीच्या मिशीचं टोक हललं. "न्हाय, न्हाय," त्यानं ओठ दाबले. "मी न्हाय हसणार." फसकन हसू फुटलं, पाय शिडीवरून सुटला आणि डोकं थेट हंडीला!

दही, लाह्या, डाळ सगळ्या मंडपावर बरसलं. "झाला काला!" बुवा गरजले, आणि टाळ-मृदंग असे उसळले की महिपती वाशाला जाऊन चिकटला. मिशीतून दही गळत होतं आणि तो खिदळत होता.

"ए बिरप्पा! घे की रं वीणा! खाली घे मला!"

"घेतो की, पर मी परत वर जाणार!"

"जा की बाबा!" वरून आवाज आला. "शिडी मी धरतो!"