सम्यकच्या बक्षिसांचं कपाट

मित्रांनो, विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर कुंडलिकचं घर आहे. दार उघडलं की समोरच मी दिसतं. मी त्या घरातलं जुनं काचेचं कपाट. कुणी मला शोकेस म्हणतं, आणि तसं म्हटलेलं मला मनापासून आवडतं.

कुंडलिक आणि राधाचं नुकतंच लग्न झालं होतं, तेव्हा एका सुताराने याच खोलीत बसून मला घडवलं. अंगाला सागवानी रंगाचं सनमायका आणि पुढे सरकत्या काचा. उजवीकडची काच पहिल्या दिवसापासून अडते. "मेण लावा, सुटेल," असं सुतार सांगून गेला होता. मेण अजून कुणी लावलेलं नाही, पण ते असो. माझ्या पोटात तेव्हा टीव्ही बसायचा आणि आजूबाजूला राधाचे काचेचे कप असायचे. पुढे चपटा टीव्ही आला, तो भिंतीवर गेला, आणि माझं पोट रिकामं झालं. त्यात कधी इस्त्रीचे कपडे, कधी औषधांच्या बाटल्या, तर कधी रॉकेलची जुनी बत्ती. मी फार खट्टू झालो होतो, म्हणजे झालं होतं. कपाटाला मान असतो, मित्रांनो, तो कुणाच्या लक्षात येत नाही.

मग सम्यक दुसरीत असताना शाळेतल्या गायन स्पर्धेत पहिला आला. त्याने आणलेला कप वीतभरही नव्हता. पण कुंडलिक कंपनीतून आला, पायातले बूटही न काढता त्याने तो कप हातात घेतला आणि नुसता फिरवून फिरवून बघत बसला. त्याच संध्याकाळी बत्ती माळ्यावर गेली आणि कप माझ्या पोटात आला.

त्यानंतर सम्यकचं गाणं थांबलंच नाही. शाळेत, वॉर्डात, विहारातल्या कार्यक्रमात, सगळीकडे तो गायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. त्याची धाकटी बहीण संघमित्रा चित्रं काढायची. तिची चित्रं राधा माझ्या बाजूला चिकटपट्टीने लावायची. चिकटपट्टी निघाली की माझं सनमायकाही निघायचं, पण पोरीचा पोपट पाहून मी गप्प बसायचं. कुंडलिकने माझ्या आत रंगीत दिव्यांची माळ लावली. पाहुणा आला की आधी पाणी, मग माझा दिवा, मग एकेका कपाची हकीकत. तोवर राधा चहा टाकायची. चहा झाला की कुंडलिक म्हणायचा, "सम्यक, काकांना एक म्हणून दाखव रे." सम्यक माझ्या शेजारी उभा राहून गायचा, आणि माझ्या काचा थरथरायच्या. काय सांगू, मला वाटायचं, हे सगळं कौतुक माझंच चाललंय.

या वर्षी सम्यक आठवीत गेला. पावसाळा सरला आणि त्याचा आवाज बसला. राधाला वाटलं, घसा धरलाय. झालं! घरात लोणचं बंद, चिंच बंद, दही बंद. सकाळी मिठाच्या गुळण्या, रात्री हळदीचं दूध. शेजारच्या जयंतीमावशी ज्येष्ठमध घेऊन आल्या.

"माझा आवाज तर एकदम ओके आहे ना?" संघमित्रा चिडून म्हणाली. "मला का नाही लोणचं?"

"दादाच्या समोर खाणार का तू? गप बस," राधा म्हणाली.

घसा धरला नव्हता, मित्रांनो. पोरगा मोठा होत होता. त्याचा आवाज फुटत होता. पण आपला तो गोड आवाज बदलणार आहे, हे कुणाच्या मनातच आलं नाही. कुंडलिकने तर एप्रिलमधल्या भीमजयंतीला पहिलं गाणं सम्यकचं, असं विहारात सांगूनही टाकलं.

एका रविवारी राधाचा भाऊ आकाशमामा जेवायला आला. पाणी झालं, दिवा लागला, कपांची हकीकत झाली. "सम्यक, मामाला ते नवीन म्हण," कुंडलिक म्हणाला.

"पप्पा, आज नको ना."

"अरे एकच कडवं!"

सम्यक उभा राहिला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढला आणि मध्येच चिरकला. आकाशमामाला हसू आवरेना. "अरे, ह्याच्या गळ्यात बेडूक बसलाय!" सगळेच हसले. मामाच्या मनात काही वाईट नव्हतं. कुंडलिक घाईघाईने म्हणाला, "थंड पाणी प्यायला असेल, नाहीतर असा नाही गात तो." सम्यक मान खाली घालून आत गेला.

पुढच्या रविवारी सकाळी तो एकटाच माझ्यासमोर येऊन बसला. अडणारी काच त्याने जोर लावून सरकवली आणि एकेक कप काढून वर्तमानपत्रात गुंडाळू लागला. माझा जीव खाली-वर होत होता. तेवढ्यात कुंडलिक मटण घेऊन आला आणि पिशवी हातात धरून तसाच दारात उभा राहिला.

"काय रे हे? काय चाललंय?"

"माळ्यावर ठेवूया हे सगळं."

"का पण?"

सम्यकने हातातला कप खाली ठेवला. त्याचा आवाज पुन्हा चिरकला, या वेळी रडण्याने. "पप्पा, मला आता नाही येत गायला. पाहुणे आले की तुम्ही काय सांगणार त्यांना माझ्याबद्दल?"

कुंडलिकने पिशवी राधाच्या हातात दिली. तो खाली फरशीवर मुलाच्या शेजारी बसला. पोराच्या घशाला काही झालेलं नाही, त्याचा आवाज फुटतोय, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं. मग त्याने सम्यकच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सांगेन, हा माझा सम्यक. बस. अजून काय सांगायचं असतं रे?"

मग त्याने माझ्या आत हात घालून दिव्यांची माळ उपटून काढली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सम्यकचे खांदे सैल झालेले मी पाहिले आणि माझं मलाच बरं वाटलं.

संध्याकाळी विहाराचे दादूकाका गाण्याचं विचारायला आले. "जयभीम कुंडलिक. पहिलं गाणं सम्यकचं ना, पक्कं?"

"नाही काका. त्याचा आवाज फुटतोय. यंदा तो समोर बसून ऐकेल."

"मग गाणार कोण? वाट लागली ना आपली!"

"सगळे मिळून म्हणू. मीही उभा राहतो की कोरसमध्ये," कुंडलिक म्हणाला.

राधा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. कुंडलिकने आयुष्यात कधी दोन ओळी सुरात म्हटल्या नव्हत्या. काका गेल्यावर त्याने खरोखरच गायला सुरुवात केली. मित्रांनो, माझ्या काचा पुन्हा थरथरल्या, पण भीतीने. संघमित्राने कान झाकले.

"पप्पा, एवढं वर नका जाऊ," सम्यक न राहवून म्हणाला. "खालून घ्या. असं." आणि कुणी सांगितलं नसताना त्याने ती ओळ म्हणून दाखवली. आवाज जाड होता, अनोळखी होता, शेवटी थोडा फाटलाही. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मोबाईल काढला नाही, कुणी हसलंही नाही.

"मला नाही जमलं," कुंडलिक म्हणाला. "परत सांग."

सम्यकने परत सांगितलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं एखादं कपाट असेल. त्याची काच पुसा, दार जपून सरकवा, कप चकचकीत ठेवा. आम्हाला ते हवंच असतं. पण तुमचा भाऊ, बहीण किंवा मित्र गाता गाता अडखळला, तर आमच्याकडे बोट दाखवून त्याला जुन्या बक्षिसांची आठवण करून देऊ नका. त्याच्या जवळ बसा, आणि तो पुन्हा गाईल तेव्हा ऐका.