फुलपाखराखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी डिझेलची व्हॅन आहे. माझे वय सोळा वर्षे, म्हणजे गाड्यांच्या हिशेबात मी आजीच झाले. आजवर मी कुणाची चहाडी केली नाही. पण गेल्या महिन्यात जे घडले त्याने माझी अशी काही गाळण उडाली, की बोलल्यावाचून राहवत नाही. माझे दरवाजे अजून खडखडतात. ते आधीही खडखडायचे म्हणा, पण ही खडखड वेगळी आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. माझा पहिला मालक छायाचित्रकार होता. तो मला रोज पुसायचा आणि टाकी अर्ध्याखाली कधी उतरू द्यायचा नाही. मला वाटायचे, जगातली सगळी माणसे अशीच असतात. पुढे तो थकला आणि मी एका भावा-बहिणीकडे आले.

भावाची बेकरी आहे. सकाळी तो माझ्यातून पावाचे ट्रे दुकानोदुकानी पोचवतो. दुपारी त्याची धाकटी बहीण मला घेऊन जाते आणि शाळेतल्या सात मुलांना घरी सोडते. त्यांतली एक चिमणी, भावाचीच मुलगी. ती आत्या म्हणते म्हणून सातही मुले तिला आत्या म्हणतात, आणि आत्या भावाला दादा म्हणते. मीही तेच धरले.

दोघेही मायाळू आहेत. पण डिझेल भरायचे म्हटले की दोघांच्याही जिवावर यायचे, कारण पंपावर रांग असायची. दादाला वाटायचे, दुपारी आत्या भरेल. आत्याला वाटायचे, सकाळी दादा भरेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तो पाहुणा मी. अगदीच अडले की थोडेसे डिझेल पोटात पडायचे, तेही कसेबसे घरी पोचण्यापुरते.

डिझेल किती उरले हे सांगणारा माझा काटा कधीचाच अर्ध्यावर अडकून बसला होता. खरे बोलणारा एकच उरला होता, एक छोटा पिवळा दिवा. डिझेल तळाला गेले की तो लागतो. आमच्याकडे तो रोजच लागलेला. रोज मरे त्याला कोण रडे!

एके दिवशी दादा कुरकुरला, "काय हा दिवा! सारखा डोळ्यांत खुपतो." शेजारी चिमणी बसली होती. तिने वहीवरचे फुलपाखराचे स्टिकर सोलून काढले आणि बरोबर दिव्यावर चिकटवले. "आता नाही ना खुपणार, बाबा?" दादाने हसून तिचा गालगुच्चा घेतला. त्या दिवसापासून माझा दिवा फुलपाखराखाली जळत राहिला आणि कुणाच्याच डोळ्यांत खुपेनासा झाला.

गेल्या महिन्यात एका दुपारी बेकरीच्या दारात किल्ली घेताना आत्याने विचारले, "दादा, डिझेल आहे ना?"

"आहे गं. काटा बघ की."

"काट्याचं मला नको सांगूस. तो माझ्या लग्नाआधीपासून तिथेच आहे."

"अगं, शाळेत जाऊन यायला असं कितीसं लागतं? उद्या टाकी फुल करतो. आता पळ, उशीर होतोय तुला."

शाळा टेकडीवर आहे. वर जाताना मला दोनदा ठसका लागला. आत्याला वाटले, म्हातारी झाली बिचारी. मुले बसली, गोंगाट सुरू झाला आणि आम्ही उतरू लागलो. उतार लागताच तिने मला न्यूट्रलमध्ये टाकले. ही दादाचीच शिकवण, की उतार म्हणजे फुकटचा प्रवास. माझे नाक खाली झाले, उरलेसुरले डिझेल टाकीच्या पुढच्या कोपऱ्यात सरकले आणि ते ओढणारी नळी मागे कोरडी पडली. डिझेलऐवजी तिने हवा ओढली आणि माझे इंजिन बंद पडले.

गाडी बंद पडते म्हणजे थांबते, असे तुम्हाला वाटेल. मलाही इतकी वर्षे तसेच वाटत होते. पण मी थांबलेच नाही. इंजिन गप्प झाले आणि चाके पळतच राहिली. एका बोटाने फिरणारे माझे स्टिअरिंग एकाएकी जड झाले. आत्याने ब्रेक दाबला, तो लागला. पुन्हा दाबला, अर्धवट लागला. तिसऱ्यांदा दाबला तर तो जागचा हलेना, कारण त्यालाही इंजिनाचेच बळ लागते. पुढे वळण होते, वळणाला कठडा होता आणि कठड्यापलीकडे कालवा.

माझ्या पोटात सात मुले होती आणि मला काहीच करता येत नव्हते.

"सगळ्यांनी घट्ट धरा," आत्या म्हणाली. ती ओरडलीसुद्धा नाही. तिने मला दुसऱ्या गिअरमध्ये ढकलले. मला असा हिसका बसला की सातही दप्तरे पुढे आली. मग हँडब्रेक ओढून तिने दोन्ही हातांनी, खांदा लावून स्टिअरिंग वळवले आणि मला रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात घातले. मी थांबले. कठडा हातभर राहिला होता.

चिमणीचा ओठ फुटला होता. आत्याने मागे वळून मुले मोजली. एक ते सात. मग पुन्हा मोजली. मग पुन्हा.

फोन जाताच दादा कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, हातात डिझेलचा कॅन घेऊन आला. येताना हसत होता. "एवढंच ना? डिझेल संपलं म्हणून कुणी तोंड पाडून बसतं का?"

आत्याने फक्त रस्त्याकडे बोट दाखवले. माझ्या चाकांचे काळे पट्टे वळणापासून खडीपर्यंत आले होते. दादाने पट्टे पाहिले, कठडा पाहिला आणि मग तोंडावर रुमाल धरलेली चिमणी पाहिली. तो तिथेच रस्त्यावर बसला.

थोड्या वेळाने उठून त्याने माझ्यात डिझेल ओतले. मी सुरू झाले नाही. दहा वेळा किल्ली फिरवली, तरी नाही. शेवटी मिस्त्री आला.

"पेट्रोलची गाडी असती तर झाली असती सुरू," तो म्हणाला. "डिझेलच्या गाडीत नळ्यांमध्ये हवा शिरली, की ती काढावी लागते. आणि हे बघा." त्याने माझा फिल्टर एका बरणीत रिकामा केला. आत काळा चिखल होता. "तळातला सगळा गाळ ओढलाय हिने. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं, दादा. तो कोरडा फिरला की झिजतो. दिवा लागला नव्हता का?"

मिस्त्री आत वाकला आणि त्याला फुलपाखरू दिसले.

"मी लावलंय ते," चिमणी हळूच म्हणाली. "बाबांना खुपत होतं ना."

तिला कुणी रागावले नाही. दादा माझ्यात येऊन बसला आणि नखाने स्टिकर खरवडू लागला. पंख निघता निघेना. खाली दिवा लागलेलाच होता.

"हा कधीपासून लागलाय, बाबा?" चिमणीने विचारले.

दादा पंख खरवडतच राहिला.

आता माझा काटा नवा आहे, पंप दुरुस्त झाला आहे आणि टाकी अर्ध्यावर आली की दादा रांगेत उभा असतो. मित्रांनो, गाडीत बसाल तेव्हा जरा पुढे वाकून बघा. पिवळा दिवा दिसला तर चालवणाऱ्याला सांगा. तो 'उद्या' म्हणाला, तर पंप येईपर्यंत त्याच्या कानाशी भुणभुण लावा. चालवणाऱ्याशी मला बोलता येत नाही, तुम्हाला येते.

आत्या अजूनही मला सुरू करण्याआधी मागे वळून मुले मोजते. ती सातपर्यंत पोचेतो मीही श्वास रोखून धरते.